पेपर सुटल्यावर

परीक्षेची अखेरची घंटा होते, उत्तरपत्रिका गोळा केल्या जातात, आणि तीन तास मान खाली घालून बसलेली मुले दाराबाहेर पडताच एकदम बोलू लागतात. ‘सातव्याचे उत्तर काय आले?’ ‘त्या प्रश्नातला ‘नाही’ हा शब्द पाहिलास का?’ ‘माझे बारा आले, तुझे अठरा कसे?’ कोणी तळहातावर बोटाने आकडेमोड करतो, कोणी पिशवीतून पुस्तक काढून पान शोधतो, तर कोणी या घोळक्यापासून दूर उभा राहतो. झाले ते झाले, आता त्याची वाच्यताच नको, असे त्याला वाटत असते. भारतातील कोणत्याही शहरात, कोणत्याही प्रवेशपरीक्षेच्या दिवशी हे दृश्य दिसावयाचे. त्याला आपण फारसे महत्त्व देत नाही. परीक्षांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी विद्यापीठांचे कायदे, अभ्यासक्रम, उत्तीर्णांची संख्या यांची नोंद काळजीपूर्वक घेतली आहे. दाराबाहेर जे बोलले गेले त्याची नोंद मात्र कोणी ठेवलेली नाही.

वास्तविक या बोलण्यालाही इतिहास आहे. ते एका विशिष्ट काळी शक्य झाले, बराच काळ ते निव्वळ कुजबुजीच्या पायरीवर राहिले, आणि गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ते थेट न्यायालयाच्या दारापर्यंत जाऊन पोहोचले. परीक्षा घेणारा आणि परीक्षा देणारा यांच्यामधील नाते या काळात कसे बदलत गेले, हे त्या प्रवासावरून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून दिसेल.

एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. उत्तरे ताडून पाहावयाची तर प्रश्न एकच असावा लागतो. आपल्याकडील जुनी परीक्षा तोंडी होती. पेशवाईत श्रावणमासातील दक्षिणेच्या निमित्ताने पुण्यास जमणाऱ्या वैदिकांची व शास्त्र्यांची योग्यता पाहिली जाई, ती समोरासमोर. एकाला व्याकरणातील कूट विचारावे, दुसऱ्याला न्यायशास्त्रातील, तिसऱ्याकडून वेदातील काही भाग म्हणवून घ्यावा, असा तो प्रकार. पुढे इंग्रजी अमदानीतील आरंभीच्या शाळांतही पाहुण्यांच्या समक्ष विद्यार्थ्यांना प्रश्न विचारून त्यांची परीक्षा घेण्याची रीत होती. अशा परीक्षेतून बाहेर आलेले दोघे भेटले तर परीक्षकाच्या स्वभावाविषयी बोलतील, आपल्या दैवाविषयी बोलतील. परंतु दोघांचे उत्तर एकाच तराजूत घालण्याची सोय तेथे नाही.

ही सोय झाली ती छापील प्रश्नपत्रिकेमुळे. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानंतर, लंडन विद्यापीठाचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून, १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. ही विद्यापीठे तेव्हा शिकविण्याचे काम करीत नसत. परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी एवढेच त्यांचे कार्य. साहजिकच महाविद्यालयात पाऊल टाकण्यापूर्वीची प्रवेशपरीक्षा हा साऱ्या इमारतीचा उंबरठा ठरला. कलकत्त्याने तिला ‘एंट्रन्स’ म्हटले, मुंबईने ‘मॅट्रिक्युलेशन’. कलकत्त्याची पहिली परीक्षा १८५७ मध्येच झाली; मुंबईची १८५९ मध्ये. मुंबईच्या त्या पहिल्या परीक्षेस शंभराहून अधिक उमेदवार बसले आणि उत्तीर्ण झाले ते जेमतेम वीस-बावीस. त्या मूठभरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक यांच्यासह हे दोघे १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले.

सिंधपासून कानडी मुलुखापर्यंत पसरलेल्या मुंबई इलाख्यातील मुलांपुढे एकाच दिवशी एकच छापील कागद ठेवला जाऊ लागला, ही घटना दिसावयास लहान. पण तिचा परिणाम मोठा झाला. पुण्याच्या मुलाला आणि सुरतेच्या मुलाला आता एकमेकांशी बोलावयास विषय मिळाला. प्रश्नपत्रिका हातात घेऊन बाहेर यावे, गुरुजींना दाखवावी, थोरल्या भावाला दाखवावी, आणि आपले काय चुकले ते पाहावे, हा परिपाठ येथून सुरू झाला. विद्यापीठानेही आपल्या वार्षिक ‘कॅलेंडरा’त मागील परीक्षांच्या प्रश्नपत्रिका छापण्याचा प्रघात ठेवला. पुढच्या वर्षीचे उमेदवार त्या पानांवरून नजर फिरवीत आणि परीक्षकांचा कल कोणीकडे आहे याचा अंदाज बांधीत.

परंतु त्या कॅलेंडरात प्रश्न छापलेले असत, उत्तरे नसत. अमक्याला किती गुण पडले आणि का पडले, हे सांगण्याचे बंधन विद्यापीठावर नव्हते. निकाल म्हणजे उत्तीर्णांच्या नावांची यादी. ज्याचे नाव तीत नाही त्याने काय समजावयाचे ते समजावे. त्यातून परीक्षा निबंधवजा उत्तरांची. भाषांतर, इतिहासातील प्रसंगाचे वर्णन, भूमितीतील सिद्धांताची मांडणी असे प्रश्न असत. अशा उत्तरांची तुलना करणाऱ्या दोघांमध्ये वाद होई, निर्णय होत नसे. माझे भाषांतर सरस की तुझे, हे सांगणारा अधिकारी पुरुष एकच, आणि तो पडद्याआड. म्हणून जवळजवळ शतकभर दाराबाहेरची चर्चा ही सुस्काऱ्यांची आणि तर्कांची चर्चा राहिली. परीक्षकाचीच चूक झाली असेल असे एखाद्याच्या मनात आले, तरी ते सिद्ध करण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते.

हे साधन निर्माण झाले ते दूर अमेरिकेत, आणि तेही परीक्षा घेणाऱ्यांच्या सोयीसाठी. तेथील महाविद्यालये आपापल्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षा घेत. त्यांत एकवाक्यता आणण्यासाठी १९०० साली ‘कॉलेज एंट्रन्स एक्झामिनेशन बोर्ड’ स्थापन झाले. १९०१ च्या जूनमध्ये त्याची पहिली परीक्षा झाली तेव्हा ९७३ विद्यार्थी बसले होते, आणि उत्तरे अर्थातच लिहून द्यावयाची होती. पुढे पहिल्या महायुद्धात सैनिकांची भरती करताना बुद्धिमापनाच्या कसोट्या वापरल्या गेल्या. त्या कामात असलेले प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगहॅम यांच्या देखरेखीखाली २३ जून १९२६ रोजी ‘स्कोलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट’ या नावाची नवी परीक्षा घेण्यात आली. तीस ८,०४० विद्यार्थी बसले. सॅट या आद्याक्षरी नावाने पुढे जगभर परिचित झालेली परीक्षा ती हीच. १९३८ मध्ये आय. बी. एम. कंपनीने उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र बाजारात आणले. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते, या साध्या गुणधर्मावर ते चालत असे, आणि त्याची कल्पना मिशिगन राज्यातील रेनॉल्ड जॉन्सन या शाळामास्तरांची होती. १९४७ मध्ये ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ ही संस्था स्थापन झाली आणि लाखो विद्यार्थ्यांची परीक्षा घेणे हा एक नियमित उद्योग झाला.

या पद्धतीत प्रत्येक प्रश्नाखाली चार-पाच पर्याय, त्यांतला एक बरोबर, आणि त्या बरोबर पर्यायांची एक यादी. या यादीला आपण ‘उत्तरसूची’ म्हणतो. परीक्षकाचे सारे शहाणपण आता एका कागदावर मावू लागले. परीक्षकाची मर्जी, त्याचा थकवा, विद्यार्थ्याचे हस्ताक्षर यांना वाव उरला नाही, हा मोठाच लाभ होता. पण या लाभाबरोबर आणखी एक गोष्ट घडली, जी योजकांच्या मनात नसावी. निबंध चुकला हे सिद्ध करता येत नाही. ‘क’ की ‘ड’ हे सिद्ध करता येते. ज्या अचूकपणाने विद्यार्थ्याला मापावयाचे, त्याच अचूकपणाने मापणाऱ्यालाही मापता येण्याची शक्यता उत्पन्न झाली. उत्तरसूची कुलपात होती तोवर मात्र ती शक्यताच राहिली. वापरलेले प्रश्न पुन्हा वापरता यावेत म्हणून प्रश्नही गुप्त आणि उत्तरेही गुप्त, असे संस्थेचे धोरण होते.

हे कुलूप न्यूयॉर्क राज्याने काढले. १९७९ साली तेथील विधिमंडळाने कायदा केला की, महाविद्यालयीन प्रवेशाच्या परीक्षा घेणाऱ्यांनी परीक्षेनंतर, विद्यार्थ्याने मागितल्यास, प्रश्न आणि त्यांची मान्य उत्तरे त्याला दाखविली पाहिजेत. १ जानेवारी १९८० पासून तो अमलात आला. परीक्षासंस्थांनी विरोध केला. खर्च वाढेल, दर वेळी नवे प्रश्न तयार करावे लागतील, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नव्हते. परंतु दारे किलकिली होताच जे दिसले, त्याने अनेकांना विचार करावयास लावले.

१९८० च्या ऑक्टोबरात झालेल्या पूर्वपरीक्षेत एक प्रश्न असा होता. दोन घनाकृती घ्या. एकीला चार बाजू, चारही समभुज त्रिकोण. दुसरीचा तळ चौरस आणि त्यावर तसेच, त्याच मापाचे चार त्रिकोण. पहिलीची एक त्रिकोणी बाजू दुसरीच्या एका त्रिकोणी बाजूवर तंतोतंत बसविली, तर तयार होणाऱ्या आकृतीला किती पृष्ठे दिसतील? चार आणि पाच मिळून नऊ, चिकटलेली दोन वजा, उत्तर सात. प्रश्न काढणाऱ्यांचा हिशेब असा सरळ होता. फ्लोरिडातील सतरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने पाच असे उत्तर दिले होते, आणि ते चूक धरले गेले. त्याने पुठ्ठ्याच्या आकृती करून पाहिल्या. त्या जोडल्या असता दोन ठिकाणी दोन-दोन पृष्ठे एका पातळीत येऊन एकच सपाट पृष्ठ होते, आणि खरोखरच पाचच पृष्ठे उरतात. १९८१ च्या मार्चमध्ये परीक्षासंस्थेने चूक मान्य केली, आणि सुमारे दोन लाख चाळीस हजार विद्यार्थ्यांचे गुण वाढवून दिले.

पुढच्याच वर्षी, १९८२ च्या मे महिन्यातील परीक्षेत, याहून नवलाची गोष्ट घडली. एका लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्या वर्तुळाच्या त्रिज्येच्या एकतृतीयांश आहे. लहान वर्तुळ मोठ्याच्या कडेने न घसरता गडगडत जाऊन मूळ जागी आले, तर ते स्वतःभोवती एकूण किती वेळा फिरेल? परिघाचे प्रमाण एकास तीन, म्हणून उत्तर तीन, अशी परीक्षकांची धारणा. खरे उत्तर चार आहे, आणि दिलेल्या पाच पर्यायांत चार हा आकडाच नव्हता. श्रोत्यांना याची प्रचिती घ्यावयाची असेल, तर सारखी दोन नाणी टेबलावर ठेवावीत. एक स्थिर धरून दुसरे त्याच्या कडेने फिरवावे. परिघ सारखे म्हणून ते एकदाच फिरेल असे वाटते. प्रत्यक्षात ते दोनदा फिरते. परिघामुळे होणारे फेरे निराळे, आणि प्रदक्षिणा घातल्याने पदरात पडणारा एक फेरा निराळा. आपली पृथ्वीसुद्धा वर्षभरात ३६५ दिवस दाखविते, परंतु ताऱ्यांच्या हिशेबाने स्वतःभोवती सुमारे ३६६ वेळा फिरते, ती याच न्यायाने. त्या परीक्षेस सुमारे तीन लाख विद्यार्थी बसले होते. त्यांतल्या तिघांनी परीक्षासंस्थेला पत्र लिहून चूक दाखविली, आणि तो प्रश्न रद्द करून पुन्हा गुण मोजावे लागले.

तीन लाखांतील तिघे! यावरून दोन गोष्टी कळतात. तज्ज्ञांची समिती प्रश्न कितीही बारकाईने तपासो, तीन लाख डोळे एका रात्रीत जे पाहतात ते तिला दिसेलच असे नाही. आणि त्या तीन लाखांतही बहुसंख्य विद्यार्थी परीक्षकासारखाच विचार करतात. कारण त्याच्यासारखा विचार करावयास त्यांना शिकविलेले असते. सत्य बहुमताने ठरत नाही, म्हणूनच एकट्यादुकट्याला आपले म्हणणे मांडण्याची वाट मोकळी असावी लागते.

आपल्या देशात हा प्रश्न वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षांच्या निमित्ताने उभा राहिला. जागा थोड्या, इच्छुक अगणित, आणि एका गुणाने शेकडो क्रमांक वरखाली होणार, अशी स्थिती. उत्तर प्रदेशातील वैद्यकीय महाविद्यालयांसाठी घेतली जाणारी एकत्रित परीक्षा १९८२ साली कानपूर विद्यापीठाकडे होती. पर्यायी उत्तरांची परीक्षा, संगणकाने तपासणी. विद्यापीठाने निकालाबरोबर उत्तरसूचीही प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांनी ती आपल्या उत्तरांशी आणि मान्य पाठ्यपुस्तकांशी ताडून पाहिली, आणि काही प्रश्नांच्या बाबतीत सूचीच चुकीची आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. ते अलाहाबादच्या उच्च न्यायालयात गेले व जिंकले. विद्यापीठ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथे हरले.

१९८३ च्या सप्टेंबरातील तो निर्णय सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी लिहिला. पुण्यात जन्मलेले आणि तरुणपणी मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयात काही काळ अध्यापन केलेले हे न्यायाधीश परीक्षकाची बाजू जाणून होते. परीक्षकाने दिलेल्या उत्तराला आव्हान देऊ देऊ नये, असेच सामान्यतः कोणालाही वाटेल, आणि ज्याने स्वतः प्रश्नपत्रिका काढली आहे त्याला तर विशेषच वाटेल, असे त्यांनी मोकळेपणाने नमूद केले आहे. सूची प्रसिद्धच केली नसती तर हा वाद उद्भवला नसता, हेही त्यांनी सांगितले. परंतु पुढचे पाऊल त्यांनी निराळ्या दिशेने टाकले. गुप्तता हा या रोगावरचा उपाय मानला, तर तो रोगापेक्षा भयंकर ठरेल. कारण मग कित्येक मुलांना अन्याय मुकाट्याने सोसावा लागेल. सूची बरोबर आहे असे प्रथम गृहीत धरावे. मात्र त्या विषयातील जाणत्यांपैकी कोणीही समंजस मंडळी जे उत्तर मान्य करणार नाहीत, इतके ते उघड चुकीचे असेल, तर त्याचा भार विद्यार्थ्यावर टाकू नये, असा निकष त्यांनी घालून दिला. प्रवेशपरीक्षांच्या वादांत तो आजही वापरला जातो. दाराबाहेरच्या चर्चेला भारतीय न्यायव्यवस्थेत प्रतिष्ठा मिळाली ती त्या दिवशी, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि हा प्रवाह एकाच दिशेने वाहिला असे नाही. महाराष्ट्रात माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचा एक नियम असा होता की, विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येणार नाही आणि तिचे पुनर्मूल्यन मागता येणार नाही. बेरजेची पडताळणी तेवढी होईल. मुंबई उच्च न्यायालयाने हा नियम अवैध ठरविला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा वैध ठरविला. लाखो उत्तरपत्रिका दाखवीत बसलो तर निकालाला अंतच राहणार नाही, परीक्षेच्या निर्णयाला कोठेतरी पूर्णविराम हवा, आणि शैक्षणिक बाबतींत तज्ज्ञ मंडळांच्या मतास न्यायालयांनी मान द्यावा, असा त्या निर्णयाचा आशय होता.

शासनाच्या कामकाजाशी ज्याचा नित्य संबंध येतो, त्याला या म्हणण्यातील बळ नाकारता येणार नाही. निर्णय वेळेवर होणे हाही न्यायाचाच भाग आहे. महाविद्यालये ठरलेल्या दिवशी उघडावी लागतात, वसतिगृहांत खोल्या द्याव्या लागतात. एकाच्या तक्रारीसाठी लाखाला ताटकळत ठेवता येत नाही. पण ‘गोपनीय’ हा शिक्का ज्याच्या टेबलावर असतो, त्याला त्या शिक्क्याचा मोहही ठाऊक असतो. तो उमटविला की फाईल लवकर मिटते. पुष्कळदा शिक्का मारण्याचे खरे कारण तेवढेच असते, आणि कागदावर मात्र जनहित लिहिलेले असते.

२००५ साली माहितीचा अधिकार आला आणि जुना प्रश्न नव्या भाषेत पुन्हा विचारला गेला. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, तपासलेली उत्तरपत्रिका ही कायद्याच्या अर्थाने ‘माहिती’ आहे आणि विद्यार्थ्याला आपली स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार आहे; परीक्षकाचे नाव मात्र उघड करावयाचे नाही. १८५९ साली रानडे-भांडारकरांच्या बरोबर बसलेल्या आणि नापास झालेल्या त्या शंभरेक मुलांना जे मागताही आले नसते, ते दीडशे वर्षांनी त्यांच्या नातवंडा-पतवंडांना हक्काने मिळाले.

या इतिहासातील अगदी अलीकडचा मोठा प्रसंग २०२४ चा. त्या वर्षी ५ मे रोजी देशभर झालेल्या नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. पदार्थविज्ञानातील एका प्रश्नात दोन विधाने होती. अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो, हे एक. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात, हे दुसरे. किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात, म्हणून दुसरे विधान चुकीचे. परंतु राष्ट्रीय परिषदेच्या पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत ते विधान बरोबर ठरेल असे वाक्य होते, आणि नव्या आवृत्तीत ते सुधारले होते. परीक्षासंस्थेने दोन्ही उत्तरे ग्राह्य धरली. थोरल्या बहिणीचे जुने पुस्तक वापरणाऱ्या मुलाचे नुकसान होऊ नये, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. पण ज्याने नवे पुस्तक नीट वाचले त्याला त्याचे काय श्रेय मिळाले, असा प्रतिप्रश्न आलाच.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. २२ जुलै रोजी न्यायालयाने दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील तीन तज्ज्ञांकडून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मत मागविले. त्यांनी एकच उत्तर बरोबर असल्याचे कळविले. त्या पीठाचे अध्यक्ष होते सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, म्हणजे १९८३ चा निर्णय लिहिणाऱ्या यशवंतरावांचे चिरंजीव. चार दशकांच्या अंतराने पिता आणि पुत्र या दोघांनाही वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या उत्तरसूचीचा न्याय करावा लागला, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकाने टिपून ठेवावा असा आहे. त्या एका प्रश्नामुळे चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रत्येकी पाच गुण उतरले. ७२० पैकी ७२० मिळवून अग्रस्थानी असलेल्यांची संख्या ६१ वरून १७ वर आली.

या आकड्यांपुढे क्षणभर थांबावयास हवे. ज्या ४४ जणांचे अग्रस्थान गेले, त्यांनी कोणताही गैरप्रकार केला नव्हता. त्यांनी अधिकृत पुस्तकाची जुनी प्रत प्रामाणिकपणे वाचली होती. उत्तर दुरुस्त होणे न्याय्य होते यात शंका नाही. परंतु त्या दुरुस्तीची किंमत निरपराध मुलांनी मोजली. क्रमांकाच्या परीक्षेत एकाला दिलेला गुण दुसऱ्याची पायरी हलवितो. अमेरिकेत दोन लाख चाळीस हजार मुलांचे गुण वाढले तेव्हा आनंदीआनंद झाला असेल. आपल्याकडे जागा मोजक्या असल्याने अशा प्रत्येक दुरुस्तीला दोन टोके असतात. म्हणूनच प्रश्न काढतानाची दक्षता ही पुढील कोणत्याही न्यायापेक्षा स्वस्त पडते.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. उत्तरे ताडून पाहण्याची संधी सर्वांना सारखी मिळत नाही. शहरातील मुलगा परीक्षामंदिरातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या शिकवणीवर्गाचे शिक्षक सायंकाळपर्यंत सर्व उत्तरे तयार ठेवतात. कोणते उत्तर वादग्रस्त आहे, कोठे हरकत घ्यावयाची, हे त्याला आयते कळते. आडगावचा मुलगा एस. टी.च्या थांब्यावर एकटाच प्रश्नपत्रिका उलगडतो. हरकत घेण्यासाठी शुल्क असते. २०२४ च्या त्या परीक्षेत ते दर प्रश्नामागे २०० रुपये होते. निरर्थक तक्रारींना आळा बसावा हा त्याचा उद्देश मानला, तरी ज्याच्या घरी दोनशे रुपयांचा विचार करावा लागतो त्याच्या शंकेला त्यामुळे आळा बसतो, हेही खरेच. हक्क कागदावर सर्वांचा झाला, पण तो बजावण्याचे सामर्थ्य अद्याप काहींचेच आहे.

आणि आता या संभाषणाचा पायाच बदलू लागला आहे. अभियांत्रिकीची जेईई मेन ही परीक्षा २०१९ पासून संगणकावर, अनेक दिवस, दिवसातून दोन पाळ्यांत घेतली जाऊ लागली. प्रत्येक पाळीची प्रश्नपत्रिका निराळी, आणि त्यांतील काठिण्याचा फरक संख्याशास्त्राच्या साहाय्याने जुळवून घेतला जातो. अमेरिकेतील सॅट परीक्षा परदेशांत २०२३ पासून आणि खुद्द अमेरिकेत २०२४ पासून अशा रीतीने संगणकावर आली की, पहिल्या भागातील उत्तरांवरून दुसऱ्या भागातील प्रश्नांचा अवघडपणा ठरतो. शेजारी बसलेल्या दोघांपुढे एकच प्रश्न आला असेल असे नाही. बाहेर आल्यावर ‘सातव्याचे काय आले?’ असे विचारण्यात अर्थ राहत नाही. कारण तुझा सातवा आणि माझा सातवा एक नव्हे. मुले आता ‘तुमची पाळी सोपी होती’ एवढेच म्हणू शकतात. प्रश्नफुटीला यामुळे आळा बसत असेल, लाखोंची व्यवस्था सुकर होत असेल. पण पेशवाईतील शास्त्र्यांप्रमाणे प्रत्येकाला पुन्हा आपला स्वतंत्र प्रश्न मिळू लागला आहे, आणि गुण कसे ठरले हे समजण्यासाठी उत्तरसूचीखेरीज एक सूत्रही समजून घ्यावे लागते.

परीक्षेवर समाजाने मोठा विश्वास टाकला आहे. वशिला, जात, घराणे, संपत्ती यांना दूर सारून केवळ गुणांवर निवड व्हावी, ही तिची प्रतिज्ञा आहे, आणि तिच्याहून बरी व्यवस्था आपल्याला अजून सापडलेली नाही. हा विश्वास टिकावयाचा तर परीक्षा घेणाऱ्यालाही प्रश्न विचारता आला पाहिजे. कानपूरच्या प्रकरणात तो विचारता आला, कारण विद्यापीठाने उत्तरसूची आपण होऊन लोकांपुढे ठेवली होती. परीक्षा संगणकावर होवो की कागदावर, एका पाळीत होवो की वीस पाळ्यांत, ज्याने परीक्षा दिली त्याला आपला प्रश्न, आपले उत्तर, मान्य उत्तर आणि गुण देण्याची रीत ही चारही पाहावयास मिळावीत. आणि ती त्याला कळेल अशा भाषेत, त्याला परवडेल अशा खर्चात मिळावीत. एवढे झाले तर आडगावच्या थांब्यावर एकटाच बसलेला मुलगाही आपली शंका योग्य ठिकाणी पोहोचवू शकेल, आणि त्याचे म्हणणे खरे असेल तर ते मान्य करण्यात कोणत्याही विद्यापीठाला कमीपणा वाटण्याचे कारण उरणार नाही.